झिजलेल्या रोमन नाण्यांवरील त्रुटित लेख आणि त्यांचे वाचन

रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे साधन म्हणून नाण्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. सम्राटाचे नाव, त्याची बिरुदे, त्याने भूषविलेली पदे आणि टांकसाळीचे नाव इतका मजकूर बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या चकतीवर सामावलेला असतो. परंतु हा मजकूर संपूर्ण वाचावयास मिळतो तो सुस्थितीतील नाण्यांवर. उत्खननांत आणि शेतजमिनींत जी नाणी सापडतात, त्यांपैकी पुष्कळशी हातोहात फिरून झिजलेली आणि जमिनीतील क्षारांनी खाल्लेली असतात. त्यांवर कोठे चार अक्षरे दिसतात, कोठे दोन, तर कोठे केवळ एखाद्या अक्षराची उभी रेघ. दक्षिण भारतात व श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकांतील रोमन तांब्याची लहान नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यांतही झिजलेल्या नाण्यांचे प्रमाण मोठे असल्याने हा प्रश्न आपल्याकडील अभ्यासकांनाही परका नाही.

अशा नाण्याची ओळख पटविताना प्रथम दृष्टी जाते ती मुद्रेतील चेहऱ्याकडे. तथापि झीज प्रथम होते ती ठशातील सर्वांत उंच भागाची, म्हणजे केसांची आणि गालाची. कडेजवळची अक्षरे त्या मानाने कमी उंचीची असल्याने पुष्कळदा चेहरा पुसला गेल्यावरही तग धरून राहतात. म्हणून निर्णय अखेर लेखावरच येऊन ठेपतो. हा त्रुटित लेख कोणत्या नियमांनी वाचावा, आणि त्या नियमांची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुद्रणाच्या सोयीसाठी लॅटिन पाठ येथे देवनागरीत दिले असून सुटी अक्षरे त्यांच्या इंग्रजी नावांनी दर्शविली आहेत.

नाण्यावरील लेखाचे स्वरूप

रोमन नाणे हाताने पाडले जाई. धातूची तापविलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरील ठशावर हातोड्याचा घाव घालीत. चकती ठशाच्या मध्यभागी नेमकी बसेलच असा भरवसा नसे. त्यामुळे लेखाचा काही भाग नाण्याच्या कडेबाहेर राहून मुळातच उमटत नसे. नव्या कोऱ्या नाण्यावरील लेखही अपुरा असू शकतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

दर्शनी बाजूवरील लेख बहुधा डावीकडे खालून सुरू होतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मस्तकाभोवती फिरतो आणि उजवीकडे खाली संपतो. त्यामुळे दिसणारे अक्षर वर्तुळाच्या कोणत्या भागात आहे यावरून ते लेखाच्या आरंभीचे, मधले की अखेरचे, हे ठरविता येते. लेखात ‘यू’साठी ‘व्ही’ हेच अक्षर येते. शब्दांमध्ये पुष्कळदा अंतर नसते आणि संक्षेपांची रेलचेल असते. ‘इम्प’ म्हणजे इंपेरातोर, ‘कैस’ किंवा नुसता ‘सी’ म्हणजे कैसार, ‘औग’ म्हणजे औगुस्तुस, ‘पी. एम.’ म्हणजे प्रधान धर्माधिकारी, ‘टी. आर. पी.’ म्हणजे लोकाधिकाऱ्याची सत्ता, ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल, ‘पी. पी.’ म्हणजे राष्ट्रपिता. हे संक्षेप मोजके आणि त्यांचे अनुक्रम ठरलेले असल्याने त्रुटित लेखाच्या वाचनाला मुळात आधार मिळतो.

अक्षरांची झीजही सर्वत्र सारखी होत नाही. आडव्या बारीक रेघा लवकर जातात, उभ्या जाड रेघा मागे राहतात. त्यामुळे ‘ई’, ‘एफ’, ‘एल’ आणि ‘आय’ यांची गल्लत होते. ‘आर’चा तिरपा पाय झिजला की ‘पी’ उरतो. ‘जी’ची आतील रेघ गेली की ‘सी’ उरतो. ‘एन’ची पहिली उभी रेघ नाहीशी झाली, तर उरलेली तिरपी रेघ आणि दुसरी उभी रेघ मिळून ‘व्ही’चा भास होतो. यांपैकी शेवटची गल्लत किती दूरगामी ठरते, ते पुढे दिसून येईल.

अंकांच्या बाबतीत एक नियम काटेकोरपणे पाळला पाहिजे. झिजलेल्या नाण्यावर जो अंक दिसतो, तो किमान अंक होय. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर ‘कॉस’ या संक्षेपापुढे पाचाचे चिन्ह दिसले आणि त्यापुढील जागा झिजलेली असली, तर ते नाणे इ. स. ७४ मधील, म्हणजे त्याच्या पाचव्या कॉन्सलपदाच्या वर्षातील आहे, असे म्हणता येत नाही. सहा, सात आणि आठ हे अंक पाचाच्या चिन्हापुढे एकेक रेघ वाढवून लिहीत, आणि नाण्यांवर नऊ हा अंकही पाचापुढे चार रेघा काढून लिहिलेला आढळतो. व्हेस्पेशियन नवव्यांदा कॉन्सल झाला तो इ. स. ७९ मध्ये. सबब अशा नाण्याचा काल ७४ ते ७९ असा द्यावा लागतो. अंकापुढील जागा स्वच्छ असून तेथे काहीच कोरलेले नाही, हे पाहता आले तरच ७४ हे वर्ष निश्चित होते.

पदक्रम, विभक्ती आणि वचन

नाव पुसले गेले तरी नावाभोवतीचे व्याकरण पुष्कळदा शिल्लक असते, आणि तेच अधिक बोलके ठरते. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण पदक्रमाचे. ‘अंतोनीनुस’ हे नाव एकाहून अधिक सम्राटांनी धारण केले. इ. स. १३८ ते १६१ या काळात राज्य करणारा अँटोनायनस पायस, त्याचा दत्तकपुत्र मार्कस ऑरेलियस, पुढे कॅराकॅला आणि त्यानंतर इ. स. २१८ ते २२२ पर्यंतचा एलागाबालस, या सर्वांच्या नाण्यांवर हे नाव आहे. ‘पीउस’ हे बिरुदही त्यांपैकी तिघांच्या नाण्यांवर आढळते. अशा वेळी केवळ नाव वाचता आल्याने काही साधत नाही. परंतु अँटोनायनस पायसच्या नाण्यांवरील रूढ क्रम ‘अंतोनीनुस औग पीउस पी. पी.’ असा आहे. कॅराकॅलाच्या नाण्यांवर ‘अंतोनीनुस पीउस औग’ असा क्रम असून त्यापुढे इ. स. २१० नंतर ब्रिटनच्या आणि २१३ नंतर जर्मनांवरील विजयाचे बिरुद जोडलेले आढळते. एलागाबालसच्या पुष्कळ नाण्यांवर हाच क्रम आहे, पण आरंभी ‘इम्प’ येते. म्हणजे ‘औग’ आणि ‘पीउस’ यांतील आधी कोणते आले, आणि नावाच्या मागे ‘इम्प’ आहे की नाही, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या तरी शंभर वर्षांच्या अवधीतील नाण्यांचा उलगडा होऊ लागतो.

दुसरे उदाहरण विभक्तीचे. दर्शनी बाजूवर सम्राटाचे नाव सामान्यतः प्रथमेत असते. ट्रेजनच्या नाण्यांवर मात्र इ. स. १०३ च्या सुमारापासून ते चतुर्थीत येऊ लागते, आणि ‘त्रायानुस’ऐवजी ‘त्रायानो’ हे रूप दिसते. याचे कारण मागील बाजूवर आहे. तेथे रोमच्या सिनेटचा व जनतेचा उल्लेख करणारी चार आद्याक्षरे आणि ‘ऑप्तिमो प्रिंकिपी’, म्हणजे ‘सर्वोत्तम अधिपतीस’, असे शब्द आहेत. नाण्याच्या दोन्ही बाजू मिळून अर्पणाचे एकच वाक्य होते: सिनेट आणि जनता यांनी सर्वोत्तम अधिपती ट्रेजन यास. त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर नावाच्या अखेरीस ‘आनो’ एवढाच अंश उरला तरी प्रथम ट्रेजनचा विचार करावा लागतो. हेड्रियनच्या आरंभीच्या काही नाण्यांवर चतुर्थी चालू राहिलेली असल्याने त्याचाही विचार मात्र सोडून चालत नाही.

तिसरे उदाहरण वचनाचे. संक्षेपात अनेकवचन दाखविण्यासाठी रोमन कारागीर अखेरचे अक्षर पुन्हा कोरीत. ‘औग’मध्ये ‘जी’ एकदा आला तर सम्राट एक, दोनदा आला तर दोन, तीनदा आला तर तीन. इ. स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनमध्ये स्वतंत्र सत्ता गाजविणाऱ्या करॉसियसच्या काही नाण्यांवर शांतिदेवतेच्या नावापुढे तीन ‘जी’ असलेला हा संक्षेप आहे. डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन या दोघांच्या बरोबरीचा तिसरा सम्राट आपण आहोत, हा त्याचा दावा त्या एका जादा अक्षरात सामावलेला आहे. त्या दोघांनी हा दावा मान्य केला नाही. आता हे अक्षर येते ते लेखाच्या अगदी अखेरीस, म्हणजे जेथे नाणे कडेबाहेर जाण्याचा किंवा झिजण्याचा संभव अधिक अशा जागी. तेथे वाचकाने आपल्या समजुतीने एखादा ‘जी’ भरला किंवा गाळला, तर तो एक राजकीय दावा निर्माण करतो किंवा नष्ट करतो.

सूत्रांचा कालक्रम

बिरुदांची ही सूत्रे काळाबरोबर बदलत गेली आहेत. पहिल्या-दुसऱ्या शतकांत पदांची आणि कॉन्सलपदाच्या अंकांची लांबलचक मालिका दर्शनी बाजूवर आढळते. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून ती आखडत जाऊन ‘इम्प सी’ हा आरंभ आणि ‘पी. एफ. औग’, म्हणजे ‘धर्मशील, भाग्यशाली, औगुस्तुस’, हा शेवट रूढ होतो. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आरंभीचे ‘इम्प’ मागे पडून त्याच्या जागी ‘डी. एन.’, म्हणजे ‘आमचा स्वामी’, हे शब्द प्रस्थापित होतात. भाषेच्या अभ्यासकाला शब्दरूपांवरून ग्रंथाचा काल अजमावता येतो, त्याचप्रमाणे या सूत्रांवरून नाव न वाचताही नाण्याचे शतक सांगता येते.

चौथ्या शतकातील तांब्याच्या लहान नाण्यांत या साधनाची खरी कसोटी लागते. कॉन्स्टंटाइनच्या घराण्यात कॉन्स्टंतीनुस, कॉन्स्टंतिउस आणि कॉन्स्टंस अशी नावे पिता-पुत्रांना आहेत. पहिल्या दोन नावांचा आरंभ लॅटिन लेखनात नऊ अक्षरांपर्यंत एकच आहे, आणि भेद सुरू होतो तो दहाव्या अक्षरात. ते अक्षर ‘एन’ असेल तर कॉन्स्टंटाइन, ‘व्ही’ असेल तर कॉन्स्टंटियस! वर सांगितलेली ‘एन’ आणि ‘व्ही’ यांची गल्लत नेमकी येथे आडवी येते. अशा वेळी नावापेक्षा नावापुढील बिरुदावर भिस्त ठेवणे श्रेयस्कर होय. ‘माक्स औग’ दिसले तर थोरला कॉन्स्टंटाइन. ‘इउन नॉब सी’ दिसले तर त्याच नावाचा त्याचा पुत्र, युवराजपदी असतानाचा.

मस्तकामुळे लेखात पडणारा खंडही उपयोगी पडतो. व्हॅलेन्सच्या नाण्यांवर ‘डी. एन. वालेन’ येथे खंड पडून पलीकडे ‘एस’ हे एकच अक्षर आणि मग ‘पी. एफ. औग’ येते. त्याचा भाऊ व्हॅलेंटिनियन याच्या नाण्यांवर ‘वालेंतिनि’ अलीकडे राहून ‘आनुस’ पलीकडे जाते. दोघांच्या मागील बाजू सारख्याच असल्याने भेद करावयाचा तो या खंडावरून. कार्सन, हिल आणि केंट यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला उत्तरकालीन रोमन तांब्याच्या नाण्यांचा ग्रंथ उत्खननकारांना इतका उपयुक्त ठरला, तो त्यात मागील बाजूचा लेख, टांकसाळीची खूण आणि दर्शनी लेखाचा खंड यांची सांगड घातलेली असल्यामुळे.

एका नाण्यावर दोन लेख

कधी कधी नाण्यावर एकाच्या जागी दोन लेखांचे अवशेष असतात. जुने नाणे वितळविण्याऐवजी त्यावरच नवा ठसा मारला, की खालच्या लेखातील काही अक्षरे नव्या लेखाच्या फटींतून डोकावतात. करॉसियसच्या आरंभीच्या नाण्यांत हा प्रकार वारंवार आढळतो. महाराष्ट्रातील अभ्यासकांना याचे उत्तम उदाहरण घरचेच आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले होते. तेथे खालचा लेख नहपानाचा आणि वरचा सातकर्णीचा हे कळल्यामुळेच कोणी कोणाचा पराभव केला याला नाण्यांचा पुरावा मिळाला. अशा नाण्यांत प्रत्येक अक्षर कोणत्या थरातील आहे हे ठरविल्याशिवाय वाचनास आरंभच करू नये. दोन थरांतील अक्षरे एका ओळीत जोडली, तर कधीही अस्तित्वात नसलेला एक मिश्र पाठ तयार होतो.

दोमितियानुस: एक निर्णायक उदाहरण

आतापर्यंत सांगितलेले सर्व नियम एका गृहीतावर उभे आहेत. दिसणाऱ्या अक्षरांना जुळेल असे ज्ञात सूत्र शोधावयाचे आणि रिकाम्या जागा त्यातून भरावयाच्या. परंतु नाणे अज्ञात सम्राटाचे असेल तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही.

१९०० साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ ले क्लेओं येथे सापडलेल्या नाण्यांच्या निधीत एक नाणे असे निघाले की त्यावरील लेख ‘इम्प सी दोमितियानुस पी. एफ. औग’ असा होता. दोमितियानुस, म्हणजेच डोमिशियन, या नावाचा प्रसिद्ध सम्राट इ. स. ८१ ते ९६ या काळात होऊन गेला. परंतु ‘इम्प सी’ हा आरंभ आणि ‘पी. एफ. औग’ हा शेवट तिसऱ्या शतकाचा आहे, आणि डोक्यावरील किरणयुक्त मुकुटासह मुद्रेची घडण त्या शतकातील गॉल प्रांतातल्या स्वतंत्र सम्राटांच्या, म्हणजे व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस यांच्या, नाण्यांसारखी आहे. नाव एका शतकाकडे बोट दाखविते आणि सूत्र दुसऱ्या. या नावाच्या एका बंडखोराचा ऑरेलियनच्या कारकिर्दीतील ओझरता उल्लेख झोसिमस या इतिहासकाराने केला आहे खरा. पण तेवढ्याने शंका फिटेना, आणि कित्येक अभ्यासकांनी ते नाणे बनावट ठरविले.

पुढे २००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यातील चालग्रोव्ह येथे सुमारे पाच हजार नाण्यांनी भरलेले एक मडके सापडले. नाणी गंजून एकमेकांस चिकटलेली होती. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करून साफ केल्यावर त्यांत त्याच लेखाचे दुसरे नाणे आढळून आले. दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीतून पाडलेली असल्याचे तज्ज्ञांनी दाखविले. शंभर वर्षांच्या अंतराने, दोन देशांतील दोन निधींत मिळालेल्या या साक्षीमुळे इ. स. २७१ च्या सुमारास गॉलमध्ये अल्पकाळ सम्राटपद धारण करणारा दुसरा दोमितियानुस इतिहासात दाखल झाला.

आता या उदाहरणाची दुसरी बाजू पाहू. चालग्रोव्हचे नाणे थोडे अधिक झिजलेले असते आणि त्यावर ‘इम्प सी’ हा आरंभ, मध्ये सात अक्षरांची पुसलेली जागा, आणि मग ‘नुस पी. एफ. औग’ एवढेच उरले असते, तर काय झाले असते? व्हिक्टोरिनसचा लेख ‘इम्प सी विक्तोरीनुस पी. एफ. औग’ असा आहे. लॅटिन लेखनात ‘विक्तोरीनुस’ या नावाची अक्षरे दहा, ‘दोमितियानुस’ या नावाचीही दहा. आणि दोहोंची अखेरची तीन अक्षरे एकच. सूत्र जुळते, मुद्रेची घडण जुळते, अक्षरसंख्याही जुळते. व्हिक्टोरिनसची नाणी विपुल आहेत. कोणताही विचारी नाणकशास्त्रज्ञ रिकाम्या जागेत ‘विक्तोरी’ हीच अक्षरे भरता, आणि ते नाणे शेकडो सामान्य नाण्यांच्या टोपलीत जाऊन पडते. पद्धतीत दोष नसतानाही निष्कर्ष चुकीचा ठरला असता. कारण संभाव्यतेच्या आधाराने केलेली पूर्ती नेहमी ज्ञाताच्याच पारड्यात पडते. अज्ञाताची नोंद घेण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नसते.

पाहिलेले आणि भरलेले

यावरून पूर्तीच करू नये असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पूर्तीवाचून उत्खननातील बहुसंख्य नाणी निरुपयोगी ठरतील. आवश्यक आहे ते एवढेच की, डोळ्यांनी पाहिलेले अक्षर आणि बुद्धीने भरलेले अक्षर ही नोंदीत कायमची वेगळी राहिली पाहिजेत. यासाठी साधन तयार आहे. १९३१ साली लायडेन येथील प्राच्यविद्या परिषदेत शिलालेख व पपायरस यांच्या संपादनासाठी जे संकेत ठरले, त्यांनुसार नष्ट झालेली आणि संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात, संक्षेपाचा विस्तार गोल कंसात आणि संशयित अक्षर खाली बिंदू देऊन छापले जाते. त्याप्रमाणे वरील काल्पनिक नाण्याची नोंद ‘इम्प सी [विक्तोरी]नुस पी. एफ. औग’ अशी होईल. हा कंस पाहताच दुसऱ्या वाचकाला कळेल की नाण्यावर व्हिक्टोरिनसचे नाव नाही. ते पहिल्या वाचकाचे मत आहे.

आपल्या परंपरेतही हा विवेक रुजलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी कमी निश्चित वाटणाऱ्या पाठाखाली नागमोडी रेघ देण्याचा परिपाठ ठेवला. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वात ती रेघ पानोपानी दिसते. संपादकाची खात्री कोठे संपते हे त्या रेघेने वाचकास सांगितले, आणि पुढील संशोधकास तेथून पुढे जाण्याची वाट मोकळी ठेवली. महाकाव्याच्या पोथीस जो न्याय, तोच तांब्याच्या नाण्यास लावावयास हवा.

आजच्या काळात या शिस्तीची गरज वाढली आहे. १९२३ पासून खंडशः प्रसिद्ध होत आलेल्या रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या बृहत्सूचीची सामग्री २०१२ पासून संगणकावर शोधण्याजोगी झाली आहे. दिसणारी चार अक्षरे घालताच यंत्र जुळणाऱ्या ज्ञात लेखांची यादी समोर ठेवते. हे साहाय्य अमूल्य आहे, यात शंका नाही. परंतु सूचीत जे नाही ते यंत्र सुचवू शकत नाही. २००३ पूर्वीच्या वाचकाला त्याने ‘विक्तोरीनुस’च सुचविले असते, आणि तेही क्षणार्धात.

म्हणून झिजलेल्या नाण्याची नोंद करताना चार गोष्टी क्रमाने लिहून ठेवाव्यात: निश्चित दिसलेली अक्षरे व त्यांची वर्तुळातील जागा, संशयित अक्षरे व त्यांच्या शिल्लक रेघा, मोकळ्या जागेत मावणाऱ्या अक्षरांची संख्या, आणि सर्वांत शेवटी, कंसात, वाचकाने केलेली पूर्ती. पहिल्या तीन गोष्टी नाण्याच्या आहेत, चौथी आपली आहे. उद्या एखाद्या मडक्यातून नवे नाव बाहेर पडले, तर आपली पूर्ती खोडली जाईल. पण अशा रीतीने केलेली नोंद मात्र त्या नव्या नावाचा पुरावा म्हणून उभी राहू शकेल.